माल आपला, भाव परका



आपल्या समाजातील पुष्कळ घरांची तिसरी-चौथी पिढी आजही दुकानाच्या गादीवर बसते. कापड, भांडी, किराणा, औषधे, सराफी. आणि अलीकडच्या काळात पादत्राणेही. चामड्याचा व्यापार आपल्याकडे वर्ज्य मानला गेला, परंतु कापडी व कृत्रिम द्रव्यांच्या बुटांनी ती अडचण पुष्कळशी दूर केली आहे. 'पुष्कळशी' एवढ्यासाठी म्हटले, की महागड्या स्नीकरांपैकी कित्येकांचा वरचा भाग अजूनही चामड्याचाच असतो. तरुणांनी घेताना आतील चिठ्ठी अवश्य वाचावी. गादीवर बसणाऱ्या या सर्वांच्या मनात एक समज मुरलेला असतो. पैसे मोजून माल घरात आणला की तो आपला झाला, आणि आपल्या मालाचा भाव आपणच ठरवावयाचा. चार पैसे नफ्याने देऊ, मुद्दलात देऊ, हंगाम सरल्यावर जागा मोकळी करण्यासाठी थोडा तोटा सोसूनही देऊ.

हा समज सर्वत्र खरा ठरत नाही. माल विकून टाकल्यानंतरही त्याचा किरकोळ भाव आपल्या हाती ठेवण्याची उत्पादकांची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे परिणाम आज सर्वांत स्पष्ट दिसतात ते अमेरिकेतील स्नीकरांच्या धंद्यात. नाइकी, रीबॉक, न्यू बॅलन्स या कंपन्या तिथल्या. त्यांचा माल ठेवणारी स्वतंत्र मालकीची दुकाने गावोगाव होती. आणि हा वाद तिथे वारंवार न्यायालयात गेल्यामुळे त्याची कागदपत्रेही सर्वांना खुली आहेत. म्हणून उदाहरण तिथले घेतो.

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे वेष्टनावर एमआरपी छापलेली असते. ती कमाल किंमत होय. तिच्याहून अधिक घेणे हा अपराध. कमी घेण्यास मज्जाव नाही. अमेरिकेत अशी सक्तीची छापील किंमत नाही. तिथे उत्पादक एक किंमत 'सुचवितो' आणि कायद्याच्या दृष्टीने ती केवळ सूचनाच असते. वाद उद्भवतो तो या सूचनेच्या खाली उतरण्यास उत्पादक बंदी घालतो तेव्हा. आपली एमआरपी वरची मर्यादा घालते आणि ग्राहकाचे रक्षण करते. तिथले हे बंधन खालची मर्यादा घालते, आणि ते कोणाचे रक्षण करते हाच खरा प्रश्न आहे.

बंधनाचे रूपही सर्वत्र सारखे नसते. काही कंपन्या थेट सांगतात, की अमुक किमतीखाली विकाल तर माल मिळणार नाही. काही अधिक सौम्य भाषा वापरतात: विका कितीलाही, परंतु जाहिरातीत अमुक किमतीखालचा भाव दाखवू नका. प्रत्यक्ष दुकानात ही मोकळीक खरी असते. दुकानदार हळूच दहा डॉलर सोडू शकतो. संकेतस्थळावर मात्र दाखविलेला भाव हाच विक्रीचा भाव, त्यामुळे तिथे जाहिरातीवरचे बंधन हे विक्रीवरचेच बंधन होऊन बसते. अमेरिकेतील काही संकेतस्थळांवर 'किंमत पाहण्यासाठी वस्तू टोपलीत टाका' अशी विचित्र सूचना दिसते, तिचे मूळ येथे आहे.

आता दुकानदाराच्या वहीकडे येऊ, कारण माझ्या मते विषयाचे मर्म तिथे आहे. बुटांच्या धंद्याला एक अडचण जन्मजात चिकटलेली असते, ती म्हणजे मापांची. साडी एक नग घेतली तर ती कोणत्याही गिऱ्हाइकाला चालते. बुटाचा एक नमुना ठेवावयाचा तर सहापासून बारापर्यंतची मापे, त्यांत मधली अर्धी मापेही, सारी ठेवावी लागतात. मधली मापे आधी जातात; दोन्ही टोकांची मापे फडताळात राहतात. पुढच्या हंगामात नवा नमुना येतो आणि राहिलेले जोड जुने होतात.

समजा, एका दुकानदाराने एका नमुन्याचे ६० जोड ५० डॉलरप्रमाणे घेतले. गुंतवणूक ३,००० डॉलर. सुचविलेली किंमत १०० डॉलर. या धंद्यात खरेदीच्या दुप्पट विक्री हा साधारण हिशेब असतो. चाळीस जोड पूर्ण भावाने गेले आणि ४,००० डॉलर आले. वरकरणी धंदा उत्तम झाला. घातलेली रक्कम निघाली, वर १,००० डॉलर राहिले. परंतु या हजारातून जागेचे भाडे, नोकरांचे पगार, वीज, विमा, कर आणि व्याज भागवावयाचे आहे. आणखी १,००० डॉलर खरेदी किमतीचे वीस जोड खोक्यांत पडून आहेत. त्याने ते ६० डॉलरने काढले तर १,२०० डॉलर हाती येतात आणि पुढच्या हंगामाची खरेदी होते. भाव उतरविण्यास बंदी असेल तर ते वीस जोड म्हणजे नफा नावाखाली फडताळात कोंडलेली रोकड. असे दहा-बारा नमुने झाले की नफ्यातील दुकानही बँकेच्या दारात उभे राहते.

बँकेत कॅश क्रेडिटची खाती पाहणाऱ्या कोणालाही हे चित्र परिचित आहे. दुकानदाराच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये मालाचा आकडा दरमहा वाढत जातो आणि त्याला वाटते आपली ऐपत वाढली. बँक मात्र माल किती हे पाहून थांबत नाही, तो किती दिवसांचा हेही पाहते. पडून राहिलेला माल वगळून ड्रॉइंग पॉवर काढते. मूल्यांकनही खरेदी किंमत आणि बाजारभाव यांपैकी जे कमी असेल त्याने करते. अडकलेला माल सोडविण्याचे जगातील सर्वांत जुने औषध म्हणजे भाव उतरविणे. ते औषध दुसऱ्याच्या कुलपात असेल तर दुकानदाराची अवस्था कठीण होते.

आपल्याकडे अडत्या असतो. बाजार समितीत शेतकऱ्याचा माल तो विकतो. माल त्याचा नसतो, भावही त्याचा नसतो, आणि विकला गेला नाही तर भांडवलही त्याचे बुडत नाही. त्याला अडत मिळते. हा व्यवहार स्वच्छ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विजेच्या दिव्यांच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले होते: माल कंपनीच्याच मालकीचा राहून दुकानदार केवळ प्रतिनिधी म्हणून विकत असेल, तर भाव कंपनीने ठरवावा. स्नीकरच्या दुकानदाराचे तसे नाही. त्याने माल विकत घेतला आहे, विम्याचा हप्ता तो भरतो, जुना झाला तर तोटा त्याचा. अडत्याची बंधने त्याच्यावर आहेत. अडत्याची निश्चिंतता त्याला नाही.

नाइकीने १९७० च्या दशकात 'फ्यूचर्स' नावाची पद्धत आणली, तिने ही कोंडी आणखी घट्ट केली. दुकानदाराने सहा महिने आधी मागणी नोंदवावयाची, ती मागे घेता येत नाही, आणि मोबदल्यात खरेदीत काही सवलत. कंपनीला हाती नोंदलेल्या मागणीच्या बळावर कारखान्यांना काम देता आले. वाढत्या कंपनीच्या दृष्टीने ही युक्ती अत्यंत कुशल होती यात संशय नाही. परंतु सहा महिन्यांनंतर कोणता रंग चालेल याचा जुगार दुकानदाराच्या अंगावर आला.

कायद्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण त्यात एक अनपेक्षित गोष्ट आहे. १९११ साली डॉ. माइल्स या औषध कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे बंधन बेकायदा ठरविले. कंपनीने आपल्याला परवडेल त्या भावाने माल विकला. त्यानंतर दुकानदारांतील चढाओढीचा लाभ जनतेला मिळाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. पुढे मंदीच्या वर्षांत लहान दुकानदारच, विशेषतः औषध विक्रेत्यांच्या संघटना, सरकारकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला हे बंधन हवे आहे! मोठी साखळी दुकाने प्रसिद्ध वस्तू तोट्यात विकून गिऱ्हाईक ओढतात आणि आम्ही बुडतो, अशी त्यांची तक्रार होती. राज्याराज्यांत 'न्याय्य व्यापार' या गोंडस नावाचे कायदे झाले आणि १९३७ साली केंद्रीय कायद्याने त्यांना संरक्षण दिले. महागाईने त्रस्त ग्राहकांच्या दबावाखाली १९७५ साली ते संरक्षण काढून घेण्यात आले. म्हणजे ज्या बंधनाने आज लहान दुकान गुदमरते, ते एके काळी लहान दुकानानेच मागून घेतले होते.

१९७५ नंतर बुटांच्या कंपन्यांवर एकामागून एक कारवाया झाल्या. १९९३ साली केड्स या कापडी बुटांच्या कंपनीने पन्नासही राज्यांशी तडजोड केली. १९९५ साली रीबॉकने आरोप मान्य न करता ९५ लाख डॉलर दिले. १९९६ साली न्यू बॅलन्सने संघीय व्यापार आयोगापुढे अशाच आरोपांवर तडजोड केली. आरोपांचा गाभा एकच होता: दुकानदारांकडून ठरावीक भावाचे वचन घेणे आणि भाव उतरविणाऱ्याला वठणीवर आणणे.

येथे 'वचन' हा शब्द महत्त्वाचा आहे. १९१९ साली कोलगेट कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले होते, की आपण कोणाला माल द्यावयाचा हे ठरविण्यास उत्पादक मोकळा आहे. तो आपले धोरण आधी जाहीर करून ते न पाळणाऱ्याला माल नाकारू शकतो. करार झाला तर दोष. एकतर्फी घोषणा असेल तर दोष नाही. या फटीतून अमेरिकन कंपन्यांची एक विशिष्ट पत्रभाषा जन्माला आली. दुकानदाराला पत्र येते: हे आमचे धोरण आहे, आम्ही तुमची संमती मागत नाही, आमच्या विक्री प्रतिनिधीला यावर बोलण्याचा अधिकार नाही, उल्लंघन झाल्यास पुरवठा बंद. वरून हे उद्धट वाटते. प्रत्यक्षात तो वकिलांचा सावधपणा आहे. प्रतिनिधीने आपुलकीने चार शब्द बोलले आणि दुकानदार 'बरे, पाळतो' म्हणाला, तर करार झाला असे न्यायालय म्हणू शकेल! माणसांतील बोलणे बंद करणे हे कायद्याचे उद्दिष्ट खचितच नसणार, पण परिणाम तो झाला.

२००७ साली चित्र पुन्हा पालटले. टेक्सास राज्यातील डॅलसजवळच्या लुइसव्हिल गावी स्त्रियांच्या कपड्यांचे व अलंकारवस्तूंचे 'केज क्लॉझेट' नावाचे दुकान होते. लीजिन या कंपनीच्या ब्रायटन नावाच्या पट्टे, पर्स वगैरे वस्तू ते विकत असे आणि दुकानाच्या नफ्याचा जवळजवळ निम्मा भाग या एकाच मालातून येई. आसपासची दुकाने भाव उतरवितात म्हणून यांनीही वीस टक्के सूट दिली. कंपनीने सूट बंद करण्यास सांगितले, दुकानाने नकार दिला, पुरवठा थांबला. खालच्या न्यायालयात ज्यूरीने दुकानाला १२ लाख डॉलर भरपाई दिली. कायद्यानुसार तिप्पट होऊन खर्चासह ती जवळजवळ ४० लाखांपर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल फिरविला आणि १९११ पासूनचा नियम रद्द केला. असे बंधन सरसकट बेकायदा नाही, प्रत्येक प्रकरणात बाजारावरील परिणाम तपासावा, असे बहुमताचे म्हणणे पडले. परिणाम सिद्ध करण्याचा खर्च एका गावच्या दुकानाला झेपणार कसा, याचे उत्तर मला त्या निकालपत्रात सापडत नाही. खटला पुढे खालच्या न्यायालयांत फेटाळला गेला.

त्या निकालपत्रातील एक तपशील मात्र मी अधोरेखित करून ठेवला आहे. लीजिन ५,००० हून अधिक दुकानांना माल देत असे. आणि कंपनीच्या अध्यक्षांचे स्वतःचे हितसंबंध ब्रायटनचा माल विकणाऱ्या सुमारे ७० दुकानांत होते. भावाचा नियम करणारा स्वतःही दुकानदार होता.

बहुमताच्या बाजूने जे तर्क आहेत ते पोकळ नाहीत. धावण्याचे बूट विकणारे चांगले दुकान घ्या. गिऱ्हाईक येते, दुकानदार पाऊल मोजतो, चालून-पळून दाखवायला सांगतो, पाऊल आत कलते की बाहेर हे पाहतो, पाच-सहा जोड घालून पाहू देतो. अर्धा तास जातो. गिऱ्हाईक आभार मानून घरी जाते आणि तोच नमुना, तेच माप, संकेतस्थळावरून पंधरा डॉलर स्वस्त मागविते. श्रम एकाचे, विक्री दुसऱ्याची. सर्वत्र भाव सारखा असेल तर हे टळते. म्हणूनच अमेरिकेत धावण्याच्या बुटांच्या स्वतंत्र दुकानदारांपैकी अनेक जण भावबंधनाच्या बाजूचे आहेत, आणि त्यांना अज्ञानी म्हणणे चूक होईल. दुसरा तर्क नकली मालाचा. अनधिकृत विक्रेत्यांच्या स्वस्त मालात नकली जोड मिसळलेले असतात, असे कंपन्या म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. अस्सल म्हणून नक्कल गळ्यात मारणे म्हणजे आपल्याकडील प्रतिरूपक-व्यवहार. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत त्याची गणना आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

या तर्कांना एकच अट आहे. नियम सर्वांना सारखा असला पाहिजे, नियम करणाऱ्यालाही. ही अट स्नीकरांच्या धंद्यात २०१७ नंतर मोडली.

त्या वर्षीच्या जूनमध्ये नाइकीने ग्राहकाला थेट विकण्याचे मोठे धोरण जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये गुंतवणूकदारांना सांगण्यात आले, की सुमारे ३०,००० विक्रेत्यांपैकी सुमारे ४० निवडक भागीदारांवरच कंपनी लक्ष केंद्रित करील. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर पुढील चार-पाच वर्षांत मिळाले. लहानांची खाती बंद झाली. बेल्क, डिलार्ड्स, झॅपोस यांसारख्या मोठ्या नावांनाही वगळण्यात आले. ज्या मालावर वर्षानुवर्षे गावातले गिऱ्हाईक बांधले, तो माल एका पत्राने बंद झाला. गाजलेले नमुने आधीच निवडक दुकानांना आणि कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर मिळत होते. त्यातला वरकड नफाही लहान दुकानदाराला नव्हता, कारण सुचविलेल्या भावाने घेतलेला जोड दुसऱ्या दिवशी दुप्पट-तिप्पट भावाने फेरविक्री करणारे वेगळेच होते. २०२१ साली नाइकीच्या उत्तर अमेरिका विभागाच्या प्रमुख बाईंनी, मुलाचा असाच फेरविक्रीचा धंदा वृत्तपत्रांत आल्यानंतर, पदत्याग केला; त्यावरून त्या बाजाराची कल्पना यावी.

थेट विक्रीचा वाटा वाढत जाऊन २०२३ च्या आर्थिक वर्षात तो नाइकीच्या उत्पन्नाच्या सुमारे ४४ टक्क्यांवर गेला. गुंतवणूकदार संतुष्ट होते. परंतु माल थेट विकावयाचा म्हणजे मापांचा आणि हंगामाचा तो जुना प्रश्न आता कंपनीच्याच गुदामात आला. जो जुगार फ्यूचर्स पद्धतीने दुकानदारांच्या अंगावर टाकला होता, तो परत घरी आला! आणि कंपनीने काय केले? दुकानदाराला जे करण्यास ती इतकी वर्षे मज्जाव करीत होती, तेच केले. भाव उतरविला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एलियट हिल मुख्याधिकारी झाले, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी गुंतवणूकदारांना जे सांगितले त्याचा आशय असा, की संकेतस्थळावरची जवळजवळ निम्मी विक्री सवलतीच्या भावाने होत होती, आणि या सवलतींमुळे विक्रेत्या भागीदारांच्या नफ्यालाही बाधा येत होती. दुकानदार जे कुजबुजत होते ते कंपनीच्या प्रमुखाच्या तोंडून बाहेर आले. स्वतंत्र दुकानात १०० डॉलरला बांधलेला जोड, कंपनीच्या संकेतस्थळावर मात्र सवलतीत. गिऱ्हाइकाच्या नजरेत लबाड ठरतो तो दुकानदार.

दरम्यान मोकळ्या झालेल्या फडताळांवर होका आणि ऑन या नवख्या कंपन्यांनी जागा घेतली. दुकानदार रिकामे फडताळ ठेवीत नाही, ही साधी गोष्ट कंपनीच्या लक्षात आली नाही असे दिसते. २०२३ साली नाइकी मेसीज आणि डीएसडब्ल्यू या साखळ्यांकडे परतली. २८ जून २०२४ रोजी विक्री घटण्याचा अंदाज जाहीर होताच तिचा शेअर एका दिवसात सुमारे २० टक्के घसरला. २०१९ साली सोडलेल्या अ‍ॅमेझॉनकडेही ती २०२५ साली पुन्हा वळली.

काही वाचक म्हणतील, कंपनीला शासन झाले, हिशेब पूर्ण झाला. मला तसे वाटत नाही. मोठी साखळी असलेल्या फूट लॉकरचे पाहा. तिच्या खरेदीत एकट्या नाइकीचा वाटा सुमारे दोन तृतीयांश होता. तो कमी होणार हे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर होताच तिचा शेअर एका दिवसात सुमारे ३० टक्के कोसळला, आणि २०२५ साली ती डिक्स या प्रतिस्पर्धी कंपनीला सुमारे २४० कोटी डॉलरला विकली गेली. तिच्या भागधारकांना निदान ही रक्कम मिळाली. ज्या दुकानाचे मालक पती-पत्नीच होते, त्यांना कोण विकत घेणार? त्यांची शटर खाली गेली ती गेलीच. नाइकी परतली ती साखळ्यांकडे आणि अ‍ॅमेझॉनकडे. एका पुरवठादारावर निम्म्याहून अधिक खरेदी अवलंबून असलेले खाते बँक जोखमीचे मानते, त्याचे कारण हेच. कर्जदाराला ते फार वेळा कटकटीचे वाटते.

युरोपात किमान भाव बांधून देणे आजही गंभीर उल्लंघन मानले जाते. जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१५ साली अ‍ॅसिक्स या बुटांच्या कंपनीला, तिच्या दुकानदारांना भाव-तुलनेच्या संकेतस्थळांवर येण्यास केलेली सरसकट मनाई बेकायदा असल्याचे बजावले, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते उचलून धरले. त्या प्रकरणात लहान व मध्यम दुकानदारांच्या हिताचा विचार मुद्दाम केला गेला, कारण मोठ्या शहराबाहेरच्या दुकानाला गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याचा तोच एक मार्ग असतो.

आपल्याकडे स्पर्धा कायदा, २००२ मध्ये कलम ३(४)(ई) याच विषयाचे आहे. बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होत असेल तर पुनर्विक्रीच्या भावाचे बंधन बेकायदा ठरते. गाजलेली प्रकरणे मोटारींची आहेत. ह्युंदाईला २०१७ साली ८७ कोटी रुपये दंड झाला. तो अपिलात २०१८ साली रद्द झाला. २३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपये दंड केला आणि कंपनी अपिलात गेली. आयोगाच्या आदेशात जी कार्यपद्धती वर्णिली आहे ती गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. ठरलेल्या सवलतीहून अधिक सूट डीलरने देऊ नये. देतो का हे पाहण्यासाठी खोटी गिऱ्हाइके पाठवावयाची. सापडल्यास दंड डीलरशिपला तर होतोच, शिवाय शोरूमच्या व्यवस्थापकापासून गाडी विकणाऱ्या मुलापर्यंत व्यक्तिशःही. आणि दंडाची रक्कम कोठे भरावयाची हेही कंपनीच सांगणार.

हे प्रकरण मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील डीलरांविषयीच्या एका तक्रारीतून सुरू झाले. तक्रार करणाराही एक डीलरच होता. त्याने ती आयोगाला ई-मेलने पाठविली, आणि खाली आपले नाव लिहिले नाही.